पंचवीसची पट्टी

कुपवाडच्या शेडमध्ये दुपारी अडीचला
मशीन गुरगुरायला लागतं आणि मी चष्मा पुसते.
दोन रुळांवर आडवी पट्टी,
मधोमध वरून तिसरा रूळ, अगदी सावकाश,
मिनिटाला दोन मिलीमीटर,
पैसे उसने मागायला आलेला पाहुणा
विषयाकडे सरकतो तसा.

वर काचतंतूची साल, खाली तीच साल,
एक-एक मिलीमीटर.
मधे फेस. पिवळट. तळहातावर घेतला
तर वजन लागत नाही, नख रुतवलं तर खूण राहते.
भुजबली मगदूम दारातूनच म्हणतात,
"कोळेकरबाई, ह्याला पैसे कशाचे मोजायचे?
हवाच की नुसती."

हवाच आहे. खरंय.
पण पट्टी वाकते तेव्हा वरची साल आक्रसते,
खालची ताणते,
आणि ही हवा दोघींना जवळ येऊ देत नाही.
अंतर दुप्पट, तर ताठपणा कागदावर चौपट.
प्रत्यक्षात थोडा कमी,
कारण गाभासुद्धा आतल्या आत सरकतो,
कुणाला न दाखवता.

हे मला पुस्तकाआधी माहीत होतं.
जतकडं शाळू काढल्यावर
आम्ही ताटं दातांनी सोलायचो.
सालीचा आस, भेंडाची चाकं,
गाडी उंबऱ्यापर्यंत जायची आणि मोडायची.
साल बोटाभोवती गुंडाळता यायची,
भेंड चिमटीत चुरायचं,
आणि हीच दोन एकमेकांना धरून होती तोवर
डोक्याच्या वर उभं होतं ताट,
कणसासकट, माघातल्या वाऱ्यात.

पाचाचा गाभा: ऐंशी किलोला वरची साल कडकली.
दहाचा: दीडशे.
पंधराचा: दोनशे पंधरा, आणि आवाज असा
की शेजारच्या लेथवरचा इरफान वळून बघायला लागला.
वीसचा: दोनशे साठ.
पंचवीसचा
मोडलाच नाही.

पट्टी जवळजवळ सरळ.
फक्त रुळाखाली साल आत गेली होती,
फेस दबून पीठ झालेला,
अंगठ्याएवढा खड्डा.
दोनशे पंच्याहत्तर.
गाभा वाढवला, साल तेवढीच राहिली,
आणि सगळा भार एका रेघेवर उतरला.

"पंचवीसच लिहा," मगदूम म्हणाले.
"होडीचा तळ जाड दिसला की
ग्रामपंचायतीची माणसं समाधान पावतात."

मी विचारलं, पुराच्या साली
तुम्ही होडीत चढलात ते कसे?
ते हसले नाहीत.
"पत्र्यावरून उडी टाकली.
एका टाचेवर. हातात सिलेंडर.
काय सुचलं कुणास ठाऊक, भरलेला होता म्हणून आणला."

मग मी काही बोलले नाही.
पट्टी त्यांच्या हातात दिली.
त्यांनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला,
आणि चहाला निघून गेले, पट्टी खिशात घालायला बघत,
जी खिशात मावणार नव्हती.

रात्री साडेनवाला फोन, माधवनगरहून.
मागे टीव्ही, कुणीतरी भांडी लावतंय.
"बाई, पंधराच घेऊ. पण साल?
साल एक थर वाढवली तर?"
मी म्हटलं, उद्या बघू, पट्ट्या कराव्या लागतील.
"वजन वाढंल," ते म्हणाले.
वाढंल, मी म्हटलं.
"पैसे?"
तेही.
बराच वेळ टीव्हीच बोलत होता.
"करा," ते म्हणाले.

नोंदवहीत पंचवीसच्या पुढे
मोडली की नाही असा रकाना आहे.
मी तिथे खड्डा असं लिहिलं.
साहेब म्हणतील ही काही परिभाषा नव्हे.

पट्टी सकाळी टेबलावर परत आलेली होती.
संध्याकाळी घरी नेली. भाच्याने तिची घसरगुंडी केली,
गोटी सोडली.
गोटी धावली, खड्ड्यात अडकली,
आणि तो माझ्याकडे बघायला लागला,
जणू मीच ती तिथे थांबवली होती.